तिचं ऐकणं कच्चं आहे

माझं इंग्रजी ‘बी’पासून सुरू होतं. मी ज्या डिक्शनरीवर शिकले ती रद्दीतून आणलेली होती आणि तिची पहिली पानं कुणीतरी फाडून नेली होती. त्यामुळे ‘ए’वरून सुरू होणारा अवघड शब्द आला की अजूनही मी जरा दबकून बोलते. बाकी शब्दांना मी घाबरत नाही. बारावीनंतर लग्न झालं, मग कुरिअरच्या ऑफिसात पाकिटांवर पत्ते लिहिता लिहिता मांडीवर ती डिक्शनरी घेऊन मी शिकले. पुढे घरातल्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरून चौदा वर्षं दुसऱ्यांना शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेली मुलं बँकेत लागली, विमानतळावर लागली. आपल्याला इंग्रजी येतं याबद्दल तेव्हा मलाही शंका नव्हती.

परदेशातल्या शाळेची जाहिरात आमच्या ह्यांनी पाहिली. फॉर्म ह्यांनी भरला. फोनवरच्या मुलाखतीच्या वेळी पंखा बंद करून घामाघूम होत शेजारी बसले तेही हेच. आणि निवडीचं पत्र आल्यावर आठ दिवस अबोला धरला तोही ह्यांनीच. निघताना मी दारात “येते हं” म्हटलं, तेव्हा कुठे तोंड उघडलं. म्हणाले, “ये.”

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा एकटीच्या खोलीत राहायला लागले. एक खिडकी, दोन शेगड्या, आणि बाहेर लांब बोळ. बोळातला दिवा बटण दाबलं की लागायचा आणि मी पिशवीत किल्ली शोधेपर्यंत आपोआप विझायचा. पहिला महिना मी रोज अंधारात कुलूप चाचपलं. नंतर कळलं की इथे सगळे किल्ली जिन्यातच काढून हातात धरतात. शेजारी भेटले की मान हलवायचे, पण कुठे निघालात, कुठून आलात, जेवलात का, काही नाही. आपल्याकडे या प्रश्नांचा वैताग येतो. इथे मी रिकामी पिशवी हलवत मुद्दाम हळू चालायचे, कुणीतरी विचारेल म्हणून.

शाळा कुलपांच्या दुकानावर होती, वरचे दोन मजले. माझा वर्ग संध्याकाळी सहा ते आठ, सगळी नोकरी करणारी मोठी माणसं. त्यांची नावं माझ्या जिभेवर बसेनात, माझं त्यांच्या. ते मला टीचर म्हणायचे आणि मी मनात त्यांना कामावरून ओळखायचे. बसचा ड्रायव्हर, न्हावी, ऑफिसं झाडणाऱ्या दोन बहिणी, आणि लाँड्रीवाली. आमचं सगळं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायचं. इथे ते मराठीत लिहिते आहे, म्हणजे ते वाटतं तितकं अस्खलित नव्हतं.

लाँड्रीवाली चाळिशीची होती. एका हॉटेलच्या धुलाईखात्यात अकरा वर्षं वाफेत उभी राहिलेली. हातांची सालं निघालेली, श्वास घेताना शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी सांगितलं, ते काम सोडा. तिने सोडलं आणि एका वृद्धाश्रमात तीन महिन्यांच्या बोलीवर लागली. तिथे राहणारी म्हातारी माणसं बाहेरदेशांतून येऊन स्थायिक झालेली, त्यांच्याशी इंग्रजीतच बोलावं लागे. तीन महिने नीट गेले तर नोकरी कायम, नाहीतर परत वाफेत. हॉटेलने तिची जागा भरलेलीच नव्हती.

माझ्या वर्गात तिच्याइतकं मन लावून कुणी शिकत नसेल. मी फळ्यावर काहीही लिहिलं की ती तारीख घालून वहीत उतरवायची. एकदा मी खडू चालतो का ते बघायला नुसती रेघ ओढली, तीही तिने काढून घेतली.

एका सोमवारी तिने विचारलं, “टीचर, माझ्याकडे एक आजी आहेत. संध्याकाळी पाचला मी ‘आय ॲम गोइंग’ म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. दुसरं काय म्हणू?”

बाय म्हणा, उद्या भेटू म्हणा, असं सांगता आलं असतं. पुस्तकात होतं. पण माझ्या कानात माझी आई बोलली. मी लहानपणी एकदा दारातून “जाते गं” म्हणून ओरडले होते, तर तिने मला परत आत बोलावलं, पाटावर बसवलं, हातावर साखर ठेवली आणि पुन्हा निघायला लावलं. जाते म्हणू नये, येते म्हणावं. इतके महिने मी या लोकांना दुसऱ्यांच्या पुस्तकातलंच वाढत होते. त्या दिवशी वाटलं, आपल्या घरचं काहीतरी द्यावं.

“जाते असं म्हणूच नये,” मी म्हटलं. “आय ॲम कमिंग म्हणा.”

“पण मी तर जात असते.”

“असू दे. ऐकणाऱ्याला बरं वाटतं.”

ड्रायव्हर मागून म्हणाला, “म्हणजे बस सोडताना मीही येतो म्हणू?”

“म्हणा की. स्टॉपवर राहिलेल्यांना धीर येईल.”

वर्ग हसला. मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. लिहिताना आत कुठेतरी खटकलं. इंग्रजीत असं म्हणतात का, हे मी कधी वाचलं नव्हतं. पण पंधरा माणसं वहीत मान घालून लिहीत होती, आणि शिकवणाऱ्याला त्या दृश्याची चटक फार वाईट.

तीन आठवड्यांनी संचालिकाबाईंनी मला खाली बोलावलं. बाई बोलताना मनगटावरच्या घड्याळाकडे बघायच्या, म्हणून मी त्यांना मनात घड्याळबाई म्हणायचे. त्या दिवशी त्या घड्याळाकडे बघत नव्हत्या.

“वृद्धाश्रमाच्या मॅनेजरचा फोन होता,” त्या म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. त्या आजींची सगळी नोकरी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या खात्यात झालेली. आता बरंचसं विसरल्या होत्या, पण कुणी येतो म्हटलं की तयार राहायचं एवढं पक्कं डोक्यात होतं. लाँड्रीवाली रोज पाचला “आय ॲम कमिंग” म्हणून निघायची. आजी टोपी घालायच्या, पर्स मांडीवर घ्यायच्या आणि मोठ्या दाराशी खुर्चीवर बसायच्या. जेवायला बोलावलं तर म्हणायच्या, ती येतेय, उगीच चुकामूक होईल. असे बारा दिवस. तेराव्या दिवशी वाट बघून त्या बाहेर बघायला गेल्या आणि पायरीवरून पडल्या. मनगट मोडलं.

“तुमची विद्यार्थिनी म्हणते, टीचरने शिकवलं. वहीसुद्धा दाखवली म्हणे. तुम्ही असं शिकवलंत?”

माझ्या नेमणुकीचे सहा महिने पुढच्या महिन्यात भरत होते. पुढे ठेवायचं की नाही ते याच बाई ठरवणार होत्या. पण मी विचार करून बोलले असं म्हणणं म्हणजे स्वतःची तरफदारी होईल. मी विचार केलाच नाही. शब्द आपसूक आले.

“आय ॲम कमिंग बॅक टुमॉरो, असं सांगितलं होतं,” मी म्हटलं. “तिने अर्धंच घेतलं असणार. तिचं ऐकणं कच्चं आहे.”

घड्याळबाईंनी ते मॅनेजरला कळवायला कागदावर लिहून घेतलं. व्याकरणाची एकही चूक न करता मी एका बाईच्या पोटावर पाय दिला होता.

ते कसं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. शिकवण्यात चूक झाली असती तर मॅनेजर रागावून सोडून देणार होता. पण ज्या बाईला नीट ऐकूच येत नाही तिच्या ताब्यात म्हातारी माणसं कशी द्यायची? उद्या औषधाची मात्रा चुकीची ऐकली तर? महिनाअखेरीपर्यंत बघू, मग निर्णय घेऊ, असं त्याने तिला सांगितलं.

हे तिनेच मला सांगितलं. वर्गात सगळ्यांच्या आधी येऊन, माझ्या टेबलाशी उभी राहून.

“सॉरी टीचर,” ती म्हणाली. “माझ्या ऐकण्यामुळे तुम्हाला खाली बोलावलं.”

मग तिने वही उघडली, पट्टी घेतली आणि ते वाक्य सरळ रेघेने खोडलं. वर शाईने लिहिलं, कमिंग बॅक टुमॉरो. आणि आपली पिशवी उचलून तिसऱ्या बाकावरून पहिल्या बाकावर येऊन बसली.

बाकीचे आले. ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि स्वतःची वही दप्तरात सारली. तेच वाक्य त्याच्या वहीत होतं, न्हाव्याच्या वहीत होतं, दोघी बहिणींच्या होतं, दोन रेघांसकट. पंधरा वह्यांत माझी साक्ष होती. कुणी अवाक्षर काढलं नाही. टीचरला उघडं पाडायचं नाही, हे त्यांनी एकमेकांशी न बोलता ठरवलं होतं. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मी सुटले असते.

आणि मी काय केलं? मी तिच्याशी हळू आणि मोठ्याने बोलायला लागले. प्रत्येक शब्द सुटा करून, ओठ ताणून. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि मान डोलवायची. थोड्या दिवसांनी मला स्वतःलाच वाटायला लागलं की हिला खरंच कमी ऐकू येत असावं.

रविवारी ह्यांचा फोन आला.

“काय म्हणते शाळा?”

“चाललंय.”

“आवाजाला काय झालं?”

“सर्दी.”

“सर्दीत तुझा आवाज असा नसतो. सर्दीत तू भांडतेस.”

मग सांगितलं. सगळं. ह्यांना अधेमधे बोलायची सवय, पण हे गप्प ऐकत राहिले. मागे कुकरची शिट्टी झाली, तरी उठले नाहीत.

“अहो, ऐकताय ना?”

“माझं ऐकणं कच्चं नाही,” हे म्हणाले.

“ठेवू का फोन?” मी विचारलं.

“बरं, चुकलं माझं. पण मला एक सांग, हे तू मला का सांगतेस?”

“मग कुणाला सांगू?”

“ते तुला माहीत आहे. मी काय, मी घरबसल्या तुला माफ करून टाकीन. माझ्या खिशातलं थोडंच काही जातंय?”

“आणि नोकरी गेली तर?”

“तर तू येशील,” हे म्हणाले. “मला ते बरं वाटेल, आणि म्हणूनच या बाबतीत माझा सल्ला घेऊ नकोस. कुकर बंद करतो.”

इतकं होऊनही मी सोमवारी काही बोलले नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. रोज तोंड धुताना ठरवायचे आणि शाळेच्या जिन्यात विसरल्यासारखं करायचे. माणूस स्वतःला किती मुदत देऊ शकतो याला काही अंत नाही.

गुरुवारी लाँड्रीवाली एक लांबट पाकीट घेऊन आली.

“कान तपासून आले,” ती म्हणाली. “दवाखान्यात सकाळपासून रांगेत होते.”

आत आलेख होता. दोन रेघा, एक लाल, एक निळी, दोन्ही वरच्या पट्ट्यात नीट चाललेल्या. खाली डॉक्टरांची सही.

“ते म्हणतात, दोन्ही कान चांगले आहेत. वयाच्या मानाने फारच चांगले.” तिने तो कागद माझ्यासमोर सरळ केला. “मग टीचर, माझं कच्चं काय आहे? तुम्हीच बघून सांगा.”

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच माझ्याकडून उत्तर हवं होतं. मी म्हटलं, “उद्या सांगते.” तेवढ्यात बाकीचे आत आले आणि त्या दोन तासांत मी त्यांना काय शिकवलं ते मला आजही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी घड्याळबाईंकडे गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“त्या आठवड्यात फळा पुसायचा राहिला होता,” त्या म्हणाल्या. “दोन रेघा मारलेलं ते वाक्य मी वाचलं होतं.”

“मग त्या दिवशी मला का विचारलंत?”

“तुम्ही काय सांगता ते बघायला.” आता त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “तुमचं काय करायचं ते टर्म संपल्यावर. आधी मॅनेजरला भेटा. तो अकरापर्यंत असतो.”

वृद्धाश्रमाच्या मोठ्या दाराशीच त्या आजी बसलेल्या होत्या. टोपी, मांडीवर पर्स, हात प्लास्टरमध्ये. मी त्यांच्याकडे न बघता आत गेले.

मॅनेजरला सांगणं सोपं गेलं. परक्या माणसासमोर खरं बोलायला फारसं काही लागत नाही. तो फाइलवर पेन आपटत होता, तो थांबला.

“म्हणजे तिला ऐकू येतं?”

“तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं.”

“मग तुम्ही तसं का सांगितलंत?”

“माझी नोकरी जाईल म्हणून.”

त्याने मान हलवली, जणू मी आज बस उशिरा आली म्हणाले. “लिहून द्या,” तो म्हणाला आणि कोरा कागद पुढे केला. चौदा वर्षं मी दुसऱ्यांना माफीचे अर्ज लिहायला शिकवलं होतं. स्वतःचा लिहायला बसले तर त्यातला मुख्य शब्दच ‘ए’वरून सुरू होत होता. मी तो तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. शेवटी लिहिलं, मी खोटं बोलले. त्याचं स्पेलिंग मला येत होतं.

मॅनेजर भला होता, पण त्याच्याही वर कुणीतरी होतं. तिला काढणार नाही म्हणाला. मात्र तीन महिने आता पहिल्यापासून मोजायचे, आणि दुसऱ्या मजल्यावर. त्या आजींच्या मुलीने सांगितलं होतं की ती बाई आईच्या खोलीत पुन्हा नको. त्या मुलीला सगळं समजावून सांगतो, असं तो म्हणाला. पण समजावल्याने मनगट जुळत नाही, असंही म्हणाला.

बाहेर पडताना आजींनी मला चांगल्या हाताने थांबवलं.

“तुम्ही येताय की जाताय?” त्यांनी विचारलं.

मी दाराच्या कडीवर हात ठेवला. मग म्हटलं, “गोइंग. मी जातेय.”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, वेळ मनाशी टिपून घेतली. “मग दार नीट ओढून घ्या,” त्या म्हणाल्या. “वारा येतो.”

त्या दिवशी सहा वाजता मी वर्गाला सांगितलं. बसून सांगता आलं नाही, उभं राहूनही धड जमलं नाही, टेबलाची कड धरून सांगितलं. वाक्य चुकीचं होतं, ते मी शिकवलं होतं, आणि विचारल्यावर मी खोटं बोलले. न्हावी नखं बघत होता. ड्रायव्हर खिडकीबाहेर. दोघी बहिणींपैकी धाकटीने एकदा “जाऊ दे टीचर” असं पुटपुटून बघितलं, मोठीने तिला कोपर मारलं.

लाँड्रीवाली माझ्याकडेच बघत होती.

“म्हणजे मी बरोबर ऐकलं होतं,” ती म्हणाली.

“अगदी बरोबर.”

“पहिल्या दिवसापासून.”

“हो.”

तिने पाकिटातला आलेख काढून बाकावर ठेवला आणि तळहाताने सपाट केला. “मी बसमध्ये डोळे मिटून बसायचे. आजूबाजूचे काय बोलतात ते ऐकायला. कान सुधारायला. घरी नवऱ्याला सांगितलं, मी बहिरी होत चाललेय. तेव्हापासून तो ओरडून बोलतो.”

मागे कुणालातरी हसू आलं आणि लगेच गिळलंही गेलं.

“अजून ओरडूनच बोलतो,” ती म्हणाली. “आता त्याला काय सांगू?”

“माझं नाव सांगा,” मी म्हटलं. “मी चुकले, असं सांगा. मी मॅनेजरला लिहून दिलंय.” आणि मग मजल्याचं, तीन महिने पहिल्यापासून, हेही सांगितलं.

“आजी?”

“त्यांच्या खोलीत नाही.”

तिने खालचा ओठ आत घेतला. सॉरी म्हणायचं राहिलं होतं. ते मी म्हटलं. ती “असू दे” म्हणाली नाही, आणि कुणी तिला म्हणायला लावलंही नाही.

मग तिने वही उघडली. पट्टीने खोडलेल्या ओळीखाली तिने आजची तारीख घातली.

“आता खरं काय ते सांगा,” ती म्हणाली.

मी फळ्याकडे वळले, परत तिच्याकडे वळले आणि सवयीने ओठ ताणून, एकेक शब्द सुटा करत, मोठ्याने सुरुवात केली. “सी… यू…”

तिने हात वर केला.

“हळू नको, टीचर. मला नीट ऐकू येतं.”

मी नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या वेगाने सांगितलं. तिने लिहून घेतलं. पण पेन खाली ठेवलं नाही. पिशवीतून मोबाइल काढला आणि माझ्यासमोरच, ते वाक्य बरोबर आहे का, हे शोधायला लागली. एका बोटाने, अक्षर अक्षर जुळवत. बाकीचेही थांबले. कुणीच वहीत उतरवलं नव्हतं, सगळे तिच्याकडे बघत होते.

मीही खडू हातात धरून थांबले. तिने स्क्रीनवर दोनदा वाचलं, मग मान हलवली. तेव्हा पंधरा पेनं चालायला लागली आणि मी पुढचं वाक्य सांगितलं.